शैलाताईंचा करंडक नेणार कोण?

सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या त्या ब्लॉकमध्ये जया खोपकरांच्या रागाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे. सकाळी लिफ्टवर, दुपारी वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या ओल्या धुण्यावर, संध्याकाळी नवऱ्यावर. मधल्या वेळात एलआरटीची छोटी लोकल बंद पडली तर तिच्यावरही. शेजारच्या चिनी आजींना मराठीतलं एक अक्षर कळत नाही, पण जयाताईंच्या दारातून "अहो!" असं कानावर आलं की त्या आपला रेडिओ बारीक करतात. फुकटचा कार्यक्रम कोण सोडणार?

पण हे सगळे पाळीव राग. घरातले, ओळखीचे, दोन घास पोटात गेले की पाय दुमडून निजणारे. यंदा गणपती झाल्यावर जो आला तो रानटी होता. त्याच्या मुळाशी होता एक पितळी करंडक, त्यावरचं एक नाव आणि परेश बिवलकरचा ऑफिसातला लॅपटॉप.

नाव होतं शैला मिराशी. जयाताईंची थोरली बहीण. 

जयाताईंचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा त्यांचे यजमान मनोहरपंत भर समुद्रात होते. ते मरीन इंजिनीअर, आणि मरीन इंजिनीअरच्या पोरांनी जन्माला यायची वेळ बाप जगाच्या दुसऱ्या टोकाला असतानाचीच निवडायची, असा काहीतरी नियम असावा. तेव्हा वेंगुर्ल्याहून शैला आली. नर्स होती, लग्न केलेलं नव्हतं, मागे पाश नव्हता. बाळंतपणापुरती म्हणून आली आणि इथल्या एका इस्पितळात नोकरी धरून राहिली. राहिली ती राहिली, शिवाय ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दर शनिवारी मराठी मुलं गोळा करायला लागली. फळा नाही, पुस्तक नाही. मुलांनी गोष्ट सांगायची आणि तिने ऐकायची. मुलगा अडखळला की पुढचं वाक्य न सांगता नुसती भुवई वर करायची. त्या भुवईला भिऊन इथली एक पिढी मराठी बोलायला शिकली.

पुढे ती कॅनडाला गेली, शेवटच्या आजारातल्या माणसांच्या इस्पितळात. आणि तिथे बाईचं डोकं फिरलं, असं जयाताईंचं स्पष्ट मत.

दुखण्याने ओरडणारी माणसं शैलाला नवीन नव्हती. पण तिथली काही म्हातारी माणसं औषधांनी गुंगून पडण्याऐवजी गांजाचा अर्क घ्यायची, गोड बोलायची, झोपायची, आणि त्यासाठी पोलिसांना भ्यायची, हे तिने पाहिलं. झालं. सुट्टीच्या दिवशी बाई फलक घेऊन सरकारी इमारतीसमोर उभी. साडी, साडीवर कुणा पुरुषाचा ढगळ ओव्हरकोट, पायात बर्फातले बूट. लोक नाव विचारायचे, ही सांगायची, शैलाताई. तिथल्या लोकांना वाटलं, ताई हे आडनावच. वर्षानुवर्षं ती भाषणं करत राहिली, अर्ज देत राहिली, एकदा पोलिसांच्या गाडीतही बसून आली. शेवटी तिकडचा कायदा बदलला. शैला थकली होती, पण कायदा बदललेला बघून गेली. आणि ती जायच्या आदल्या वर्षी तिकडच्या एका मळेवाल्याने आपण तयार केलेल्या गांजाच्या नव्या वाणाला तिचं नाव दिलं. 'शैला ताई'. 

गंमत म्हणजे ह्या बाईने आयुष्यात कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. दुधाच्या चहाने पित्त व्हायचं तिला.

जयाताईंनी तेव्हा फोनवर तिची जी खरडपट्टी काढली ती चिनी आजींना अजून आठवत असेल. "आईबापांनी नाव ठेवलं ते पाकिटावर छापायला?" शैला तिकडून हसत होती. "अगं, गुलाबाला राण्यांची नावं देतात, मला हे मिळालं." जयाताईंना ना ते झाड पटलं, ना ती चळवळ. एकदा बहिणीकडे महिनाभर राहून आल्या, तर शेजारच्या गच्चीवरचा धूर नाकात जाऊ नये म्हणून तिथे भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून बसल्या आणि परतायच्या आधी सगळे कपडे, पर्ससकट, धुवून काढले. चांगी विमानतळावर कुत्रा नुसता शेजारून गेला तरी यांनी मनोहरपंतांचा दंड धरला. असा सगळा कारभार. पण शैला गेल्यावर इथल्या मराठी मंडळाला करंडक दिला तो जयाताईंनीच. मुलांच्या कथाकथन स्पर्धेचा फिरता करंडक. त्यावर कोरून घेतलं, 'शैला मिराशी, शनिवारची शाळा'. 

फिरता म्हणजे खरोखर फिरता. शैलाच्याच जुन्या रिवाजाप्रमाणे. जिंकणाऱ्या मुलाने तो वर्षभर स्वतःच्या घरी ठेवायचा, दर आठवड्याला घासायचा, आणि जिंकल्या दिवशी संध्याकाळी बाकीच्या सगळ्या मुलांनी त्याच्या घरी जाऊन शिरा खायचा. हरलेल्यांच्या तोंडात गोड पडलं पाहिजे, असं शैलाचं म्हणणं. करंडक कधी वूडलँड्सला, कधी टँपिनिसला, कधी एका कॉन्डोत माशांच्या टाकीशेजारी. कुणाला काही अडचण नव्हती.

अडचण परेशने शोधून काढली.

परेश पुण्याचा, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मॅनेजर, आणि यंदा मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची रीतसर प्रस्तावना लागते. लग्नातही हा वरमाला घालण्याआधी दोन शब्द बोलला होता म्हणे. तर स्पर्धेच्या दिवशी करंडकाविषयी दोन शब्द बोलावेत म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर शैलाताईंचं नाव शोधलं. आणि पडदाभर हिरवंगार पान उगवलं.

'शैला ताई. वेलदोड्याचा वास. दुखण्यावर रात्री घ्यावी. बोलकी आहे, मग शांत झोपवते.'

परेशने लॅपटॉप असा मिटला की समोरच्या टेबलावरची मुलगी दचकली. बिचाऱ्याला दुपारभर घाम. बँकेच्या लॅपटॉपवर, सिंगापूरमध्ये, जिथे ठरावीक वजनापुढे हे पान सापडलं तर माणूस फासावर जातो, तिथे त्याच्या नावावर ते पान! संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याने मनातल्या मनात नोकरी घालवली होती, इथे राहून काम करायचा पास रद्द करून घेतला होता आणि पुण्यात भाड्याची जागाही बघितली होती.

त्याच आठवड्यात रविवारी तो बायकोला, मधुराला, घेऊन खोपकरांकडे आला. हातात काजूकतलीचा डबा. जयाताईंनी डब्याकडे पाहिलं आणि ओळखलं. काजूकतली घेऊन येणारा माणूस काहीतरी काढून न्यायला आलेला असतो.

"काकू, विषय जरा नाजूक आहे," परेश म्हणाला.

"मग नाजूक माणसाकडे न्यायचास. माझ्याकडे कशाला आणलास?"

मनोहरपंतांनी वर्तमानपत्र वर केलं. चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, दाब कुठे वाढतोय ते त्यांना काटा न बघता कळतं.

परेशने फोन पुढे केला. पडद्यावर तेच पान. जयाताईंनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. "वेलदोडा? तिला वेलदोड्याने शिंका यायच्या. काहीही लिहितात मेले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझी बहीण होती ती, परेश. मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

परेशने फोन मागे घेतला. काकूंच्या अज्ञानात सुटका होती, आता तीही गेली. "काकू, आपण करंडकावरचं नाव जरा... म्हणजे काढायचं नाही हं. नुसतं लहान करू. शै. मि. करंडक. किंवा नुसतं शनिवारची शाळा. एक छोटीशी पट्टी चिकटवली की काम होतं. मी छापून आणलीही आहे."

आणि त्याने खिशातून खरंच सोनेरी पट्टी काढली.

चिनी आजींनी रेडिओ बंद केला तो ह्या क्षणी.

"पट्टी?" जयाताई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या बहिणीच्या नावावर पट्टी? काय केलंन तिने? तुझ्या घरात गांजा लावलान? तुझ्या मुलीला पाजलान? तुझी थोरली चुलत बहीण इथे वाढली, तिला 'ळ' म्हणता येत नव्हता तो कुणी शिकवला? शनिवारी शनिवारी, एक पैसा न घेता, डास मारत बसायची ती खाली!"

"काकू, त्यांच्याबद्दल आदरच आहे..."

"आदर असला की माणूस पट्टी छापून आणत नाही!"

"तुमचं ठीक आहे हो," परेशचाही आवाज आता चढला, आणि त्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. "तुमच्याकडे इथला लाल पासपोर्ट आहे. आम्ही सगळे पासवर आहोत. माझं रिन्यूअल जानेवारीत आहे. उद्या माझी मुलगी जिंकते, त्या करंडकाचा फोटो कुणीतरी टाकतो, कुणीतरी नाव शोधतं, आणि मग त्या नावाखाली माझ्या घराचं शोकेस. कोण ऐकून घेणार मला?"

"आम्ही काय लाल पासपोर्ट घेऊन बोटीतून उतरलो होतो? ह्यांचाही पासच होता. तेव्हा शैलाला आम्ही माळ्यावर लपवली होती का?"

मनोहरपंतांनी वर्तमानपत्रामागूनच एक वाक्य सोडलं. "किती जहाजांना बायकांची नावं असतात, परेश. जहाज आपटलं तर कुणी त्या बाईला पकडून नेत नाही."

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका."

"तुझ्याच बाजूने बोलतोय."

"तरी नका बोलू!"

मग जयाताईंनी परेशच्या हातातून ती पट्टी घेतली, तिच्या बारीक घड्या घातल्या आणि काजूकतलीच्या डब्याखाली ठेवली. "ऐक. ती जे म्हणायची ते मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही. इथला कायदा इथला आहे, मी पाळते, तूही पाळ. पण कायद्यात बंदी पानाला आहे. माणसाच्या नावाला बंदी असेल तर मला ते कलम दाखव, मी स्वतः घासून पुसते नाव. नाहीतर नाव राहील. आणि करंडक फिरेल. शोकेसमध्ये ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा, पण जिंकेल त्याच्या घरी जाईल."

परेशकडे कलम नव्हतं. मधुरा एवढा वेळ एकही शब्द बोलली नव्हती, ती उठताना फक्त म्हणाली, "येते, काकू." आणि जाताना तिने टेबलावरचा डबा उगाचच सरळ केला. जयाताईंना वाटलं, हीदेखील त्यातलीच. नवऱ्यामागून चालणारी.

पुढचे आठवडे शांत गेले. जयाताईंना ही शांतता म्हणजे आपला विजय वाटला. त्यांना कुठे ठाऊक, की मंडळाच्या मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपशेजारी एक छोटा ग्रुप जन्माला आला होता, नाव 'फक्त पालक', आणि परेशने पहिल्याच दिवशी त्यावर ते हिरवं पान टाकलं होतं, खाली लिहून की कृपया हे कुठेही पुढे पाठवू नये. म्हणजे ज्या पानाची इतके दिवस कुणाला गंधवार्ता नव्हती, ते ह्या शहाण्याने एका दुपारी मंडळाच्या प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये पोचवलं. 

स्पर्धा होती रविवारी सकाळी, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. जयाताई लिंबू रंगाची साडी नेसून पहिल्या रांगेत. शेजारी मनोहरपंत, इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर करंडक चिंचेने घासून लखलखीत. परीक्षक म्हणून वूडलँड्सहून आलेल्या सुनेत्राबाई, निवृत्त शिक्षिका, पासावर नाहीत, ग्रुपवर नाहीत, कशातच नाहीत. त्यांनी कागद-पेन सरसावलं.

पहिला मुलगा आला. नमस्कार केला. म्हणाला, "एक राजा होता. एक राणी होती. दोघं मेली." आणि नमस्कार करून खाली बसला.

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. 

जयाताईंनी कपाळाला आठी घातली. लहान आहे, घाबरला असेल. दुसरी मुलगी आली. हिने लांडग्याची गोष्ट सुरू केली, पण गोष्टीत लांडगा आलाच नाही. मेंढपाळ वाट बघत बसला, मेंढ्या वाट बघत बसल्या, शेवटी मुलगी म्हणाली, "मग तो आलाच नाही. संपली." तिसऱ्याने मराठीत सुरुवात केली, मध्येच हिंदीत शिरला आणि शेवट इंग्रजीत केला. चौथा तर उठून उभा राहिला, सगळ्या हॉलकडे बघितलं, आईकडे बघितलं, आईने मान हलवली, आणि तो म्हणाला, "मी विसरलो." काय विसरला ते सांगायच्या भानगडीतही पडला नाही.

सुनेत्राबाईंचं पेन थांबलं होतं. जयाताई आता मुलांकडे बघत नव्हत्या, आईबापांकडे बघत होत्या. दरवर्षी ह्या हॉलमध्ये आपलं पोर चुकलं की आईचा जीव कासावीस होतो, बाप खाली मान घालतो. यंदा पोर चुकलं की बाप खुर्चीत सैलावत होता. एका आईने तर खाली आलेल्या पोराच्या पाठीवर चक्क थाप मारली. 

"अहो," जयाताई हळू आवाजात म्हणाल्या.

"हं."

"ही पोरं मुद्दाम हरताहेत."

मनोहरपंतांच्या ते तिसऱ्या मुलाच्या वेळीच लक्षात आलं होतं. त्यांनी नुसता तिच्या मनगटावर हात ठेवला, जसा तापलेल्या झडपेवर ठेवतात, अंदाज घ्यायला. आणि पटकन काढून घेतला.

शेवटचं नाव होतं किमया बिवलकर. परेशची मुलगी. गेली दोन वर्षं हिचा दुसरा नंबर थोडक्यात हुकून तिसरा आला होता, आणि पोरगी अशी की बिल्डिंगच्या खाली लंगडी खेळतानाही हरली तर तीन दिवस कुणाशी बोलत नाही. ती आली, वेणी मागे टाकली आणि सुरू झाली.

पुलाउ उबीन बेटावरच्या एका रानडुकराची गोष्ट होती. बोटीतून उतरून सायकली भाड्याने घेतलेलं एक मराठी कुटुंब, त्यांच्या पिशवीतले मेथीचे ठेपले, आणि ते ठेपले पळवणारं एक डुक्कर. किमयाने डुक्कर असं चालून दाखवलं की मागच्या रांगेतले बाबा लोक हसायला लागले. आई ओरडते कशी, बाबा सायकलवरून पडतात कसे, डुक्कर ठेपला खाऊन थांबतं कसं आणि पिशवीत लोणचं शोधतं कसं. सुनेत्राबाईंचं पेन पुन्हा धावायला लागलं. जयाताईंच्या चेहऱ्यावरची आठी किंचित सुटली.

"आणि मग बाबा त्या डुकराला म्हणाले..." किमया म्हणाली. थांबली. बाजूला उभ्या असलेल्या परेशकडे तिने पाहिलं. परेशने डोळे मिटून मान हलवली.

"मग मी विसरले," किमया म्हणाली. खाली उतरायला वळली, दोन पावलं गेली, आणि गर्रकन परत फिरली. रागात ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीवर आली.

"नो! आय डिडन्ट फर्गेट, लाह! बाबा म्हणाले डुकरापर्यंत सांग आणि मग विसर! सगळ्यांना त्यांच्या बाबांनी सांगितलंय! पहिलं यायचं नाही, नाहीतर तो कप घरी न्यायला लागतो! मला येते सगळी गोष्ट!"

सुनेत्राबाईंनी पेन खाली ठेवलं.

जयाताई उठल्या. चालत मंचावर गेल्या. माईककडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, त्यांना तो कधीच लागला नाही.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "शाब्बास, सगळ्यांना. मला माहीत होतं तुम्ही भित्रे आहात. पण इतके हुशार भित्रे आहात हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही नाव खोडाल, तर मी भांडेन. तुम्ही नाव खोडलं नाहीत. तुम्ही पोरांच्या तोंडातली गोष्ट खोडलीत! हरायला शिकवलंत त्यांना! ठरवून, घोकून घेऊन हरायला! एका पोराने म्हटलंन तरी का, की बाबा, मी का विसरू? म्हटलंच असेल. मग काय सांगितलंत? की एक बाई होती, तिने खोटं काही केलं नाही, चोरी केली नाही, पण तिच्या नावाला आपण भितो?"

"काकू, मुलांसमोर नको..." परेश पुढे झाला.

"मुलांसमोरच! मुलांसमोरच केलंत ना तुम्ही? माझी बहीण पाच-पाच मिनिटं गप्प बसायची, एखाद्याला पुढचं वाक्य आठवेपर्यंत. पाच मिनिटं! आणि तुम्ही त्याच मुलांना वाक्य आठवत असताना गप्प केलंत. तिच्याच करंडकासाठी! अरे, यापेक्षा पट्टी लावली असतीत तर परवडलं असतं मला!"

तिथे त्यांचा आवाज फाटला. त्याचाही त्यांना राग आला. त्यांनी किमयाकडे वळून, जवळजवळ दरडावून विचारलं, "काय म्हणाले बाबा त्या डुकराला?"

किमयाने नाक पुसलं. "बाबा म्हणाले, लोणचं आमच्याकडेही संपलंय, चल, एकत्र शोधू."

सुनेत्राबाई पहिल्यांदा हसल्या. "पुढे?" त्या म्हणाल्या. आणि किमयाने शेवटपर्यंत सांगितली, डुक्कर कुटुंबाला धक्क्यापर्यंत पोचवायला येतं आणि बोट सुटताना ओरडतं तिथपर्यंत. ह्या वेळी टाळ्या वाजल्या त्या विचित्र होत्या. आधी मुलांनी वाजवल्या. मग एकेका आईने. बाप लोक बुटांचे बंद बघत होते.

सुनेत्राबाईंनी कागदाची घडी घातली. "माझा निर्णय लिहायची गरज नाही. एकच गोष्ट सांगितली गेली आज."

जयाताईंनी करंडक उचलला आणि किमयापुढे धरला. मुलीने हात पुढे केले, तोच परेशने त्यांच्यामध्ये हात घातला.

"आम्ही स्वीकारतो, काकू. मनापासून. फक्त तो इथेच क्लबच्या कपाटात ठेवू. जानेवारीपर्यंत. माझं रिन्यूअल होऊ दे. मग मी स्वतः येऊन नेतो, शब्द देतो."

"कपाट जिंकलं नाही. तुझी मुलगी जिंकलीये."

"काकू, तुम्हाला कळत का नाही! माझं घर आहे त्या पासावर!"

आणि तेव्हा मधुरा उठली. मागच्या बाजूच्या खुर्चीवरून, पर्स खांद्याला, शांतपणे मंचावर आली. 

"तुझा पास आहे, परेश," ती म्हणाली. "घर माझंही आहे. तुझ्या पासापायी मी पुण्यातली नोकरी सोडली, काही बोलले नाही. इथे मला काम करता येईना, काही बोलले नाही. दर वेळी तू म्हणतोस, रिन्यूअल होऊ दे. मूल दुसरं हवंय, रिन्यूअल होऊ दे. आईला बोलवू या, रिन्यूअल होऊ दे. काल रात्री तू माझ्या मुलीला तासभर विसरायची प्रॅक्टिस करून घेतलीस. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती रडत होती आणि तू म्हणत होतास, परत एकदा विसर." तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "द्या काकू, इकडे."

जयाताईंनी तिच्याकडे पाहिलं. आपण हिला काय समजलो होतो ते आठवलं आणि स्वतःवरच चिडल्या. करंडक तिच्या हातात दिला.

परेशने आजूबाजूला पाहिलं. कुणाचाच फोन वर नव्हता. फोटो काढण्याची हौस असलेल्या ह्या समाजात त्या दिवशी एकानेही फोटो काढला नाही. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा. "निदान पिशवीत तरी घाल," तो पुटपुटला.

"पिशवीत कशाला? चोरून नेतेय का मी?"

किमयाने एका हाताने करंडकाचा एक कान धरला, मधुराने दुसरा, आणि त्या दोघी हॉलच्या मधल्या वाटेने चालत गेल्या. लोकांनी पाय आत घेतले. दारापाशी मधुरा थांबून मोठ्याने म्हणाली, "संध्याकाळी सहाला शिरा आहे. ज्यांना पास परवानगी देईल त्यांनी यावं." एकदोन बायका हसल्या, आणि नवऱ्यांनी बघितलं तशा हसायच्या थांबल्या नाहीत.

परेशने रिकामं टेबल उगाचच सरळ केलं. मग बायकोमागून निघाला, हात खिशात घालून, चार पावलं अंतर ठेवून. 

जयाताई पायऱ्यांपर्यंत आल्या. समोर एलआरटीच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या छपराखालच्या वाटेवर ती पितळी चमक हलताना दिसत होती, आणि किमया येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सांगत होती, बहुधा डुकराबद्दल.

मनोहरपंत शेजारी येऊन उभे राहिले. "झालं ना मनासारखं? आता तरी राग आवर."

"मनासारखं कसलं?" जयाताई म्हणाल्या. "एकीने नेला म्हणून बाकीचे सुटले का? हा मुन्नू-टिन्नूचा बाप, तो लोखंडे, ती बँकेतली, सगळ्यांनी घोकून घेतलंन पोरांकडून. आणि तिचं, शैलाचं, काय नडलं होतं नाव द्यायला? नको म्हणाली असती तर मळेवाला मरणार होता का? सगळं उरकून गेली आणि मला इथे भांडत ठेवलंन." पदराने त्यांनी डोळे खसाखसा पुसले. "चला. घरी नका नेऊ मला. वाण्याकडे चला. त्या मधुराकडे एवढा रवा असणार आहे का? सगळे आले तर?"

"सगळे येतील?"

"नाही आले तर दारादारांत जाऊन आणीन एकेकाला," जयाताई म्हणाल्या आणि मनोहरपंतांच्या पुढे पायऱ्या उतरायला लागल्या.